बी एक, जमिनी अनेक

(चाळीसगाव येथे साक्षरता वर्गाच्या मंडळींपुढे केलेले भाषण)



आज आम्ही तुमच्याशी एका रोगाविषयी बोलणार आहोत. त्याचे नाव चारचौघांत घ्यायला आपण लाजतो. तो रोग म्हणजे स्तनाचा कॅन्सर. कोणी त्याला कर्करोग म्हणतात. कोणी नुसते 'छातीची गाठ' म्हणून बाजूला होतात. आम्ही मास्तर माणूस, डॉक्टर नव्हे. पण या रोगाने आमच्या घरात पाऊल टाकले होते. त्यातून आम्हाला जे कळले, आणि जे फार उशिरा कळले, ते तुम्हाला सांगावे म्हणून उभे आहोत.

लाजेचे म्हणाल तर एवढेच सांगतो. हात मोडला तर आपण हात दाखवतो. दात दुखला तर तोंड उघडतो. छातीही देहाचाच भाग आहे. ज्या छातीने आपल्याला दूध पाजले, तिचे नाव घ्यायला लाज कसली?

पिंपळ कोठे उगवतो?

आधी एक साधी गोष्ट पाहू. पिंपळाचे झाड तुम्ही कोठे कोठे पाहिले आहे? पारावर पाहिले आहे. पण विहिरीच्या भिंतीतही पाहिले आहे ना? देवळाच्या शिखरावर, जुन्या वाड्याच्या चिरेबंदीत, मोरीच्या कडेला? तेथे कोणी तो लावला? कोणीही नाही. पाखराने फळ खाल्ले, बी दुसरीकडे टाकले. भेगेत ओल मिळाली, आणि बी रुजले.

कॅन्सरचे तसेच आहे. आपले शरीर बारीक बारीक कणांचे बनले आहे. त्यांना पेशी म्हणतात. पेशी वाढतात, जुन्या झाल्या की मरतात, त्यांच्या जागी नव्या येतात. हे सारे नियमाने चालते. एखादी पेशी नियम मोडते. तिला थांबणे ठाऊक नसते. तिच्या दोन होतात, दोनाच्या चार होतात. अशी गाठ तयार होते.

गाठ एका जागी आहे तोवर ती काढून टाकणे सोपे असते. पण त्या गाठीतल्या काही पेशी सुटतात. शरीरात रक्ताचे पाट आहेत. शिवाय लस वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या आहेत. सुटलेल्या पेशी या पाटांत शिरतात. आधी बहुधा काखेत जातात. म्हणून डॉक्टर काख चाचपून पाहतात. तेथून पुढे त्या दूर जातात आणि दुसऱ्या अवयवात रुजतात. यालाच आपण 'कॅन्सर पसरला' असे म्हणतो.

स्तनाचा कॅन्सर जास्त करून चार ठिकाणी पसरतो. हाडांत, फुप्फुसांत, यकृतात म्हणजे काळजात, आणि मेंदूत. या चार जागा डॉक्टरांना पाठ असतात. पण पिंपळ जसा शिखरावर उगवतो, तसा हा रोग कधी कधी भलत्याच जागी उगवतो. त्या भलत्या जागांविषयीच आज बोलायचे आहे. कारण तेथेच माणूस फसतो. आम्ही फसलो.

आमच्या जिजीची गोष्ट

आमची थोरली बहीण याच तालुक्यात नांदत होती. आम्ही तिला जिजी म्हणत असू. कामाला वाघीण. कापूस वेचायला निघाली की तरण्या पोरींच्या पुढे असायची.

२०१२ साली तिच्या डाव्या छातीत काहीतरी लागले. गोल गाठ नव्हती. एक भाग नुसता घट्ट झाला होता, जाड झाला होता. दुखत मुळीच नव्हते. म्हणून तिने चार महिने कोणाला सांगितले नाही. पुढे तपासणी झाली. कॅन्सर निघाला. ऑपरेशन झाले, पुढचे औषधपाणी झाले. डॉक्टरांनी रोज एक गोळी दिली आणि बजावले, "पाच वर्षे ही गोळी सोडायची नाही."

दोन वर्षे तिने गोळी घेतली. मग म्हणाली, "आता मी धडधाकट आहे. गोळी कशाला?" आम्हीही काही बोललो नाही. बरे वाटते म्हणजे रोग गेला, असेच आम्हाला वाटले.

नऊ वर्षे अशी गेली. घरात छातीच्या ऑपरेशनाचा विषय कोणी काढत नसे. २०२१ साली जिजीचे जेवण कमी झाले. आम्ही विचारले तर तिने आपल्या अहिराणीत सांगितले, "भाऊ, दोन घास खादा का पोट भरी जास." मळमळ होई. लुगडे कमरेवर ठरेना, इतकी ती वाळली. पित्ताच्या गोळ्या झाल्या. काढे झाले. कोणी म्हणाले, नजर लागली. तेही उतरवून झाले.

शेवटी आम्ही तिला एका डॉक्टरांकडे घेऊन गेलो. त्यांनी विचारले, "पूर्वी काही मोठा आजार? काही ऑपरेशन?"

जिजीने आमच्याकडे पाहिले. त्या वेळी तिच्या नातीच्या लग्नाची बोलणी चालू होती. दवाखान्यात ओळखीचे लोक बसले होते. कॅन्सरचे नाव निघाले तर सोयरीक मोडेल, असे आमच्या मनात आले. आणि पोटाचा छातीशी काय संबंध, असेही वाटले.

आम्हीच म्हणालो, "नाही साहेब. काही नाही."

मंडळी, आम्ही चाळीस वर्षे मुलांना खरे बोला म्हणून शिकवले. आणि नेमके जेथे खरे बोलायचे, तेथे खोटे बोललो.

डॉक्टरांनी दुर्बीण घालून पोट पाहिले. आतून जठराला सूज दिसली. वरवरचा तुकडा काढून तपासला. त्यात काही निघाले नाही. औषधे झाली. गुण आला नाही. असे तीन महिने गेले.

मग एक दिवस जिजीची सून रेशनकार्ड शोधत होती. ट्रंकेत तळाशी तिला एक फाइल सापडली. ही सून तुमच्यासारखीच प्रौढ वर्गात अक्षरे शिकलेली. तिने फाइलीवरची अक्षरे एकेक लावून वाचली. 'जिजी. छातीचे ऑपरेशन. २०१२. जपून ठेवणे.' ते अक्षर आमचेच होते. आम्हीच लिहून ठेवले होते, आणि आम्हीच ते लपवले होते.

सुनेने आम्हाला विचारले नाही. ती फाइल घेऊन सरळ डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांनी फाइल वाचली आणि ते खुर्चीत ताठ बसले. त्यांनी पुन्हा दुर्बीण घातली. या वेळी खोलवरचा तुकडा काढला. तपासणाऱ्यांना कळवले, 'या बाईंना पूर्वी स्तनाचा कॅन्सर होता.' तेव्हा उलगडा झाला. जठराच्या भिंतीत जे होते, तो जठराचा रोग नव्हता. तो नऊ वर्षांपूर्वीचा छातीचाच रोग होता.

छातीचा रोग पोटात कसा?

तुम्ही म्हणाल, हे कसे काय? आम्हीही तेच विचारले. डॉक्टरांनी आम्हाला नीट समजावले. तेच तुम्हाला सांगतो.

स्तनात दूध तयार करणाऱ्या बारीक पिशव्या असतात. दूध वाहून आणणाऱ्या नळ्या असतात. बहुतेक कॅन्सर नळ्यांच्या बाजूने सुरू होतो. त्यात कठीण गाठ होते, बोटाला लागते. पण शंभर बायकांत दहा ते पंधरा जणींचा कॅन्सर वेगळ्या जातीचा असतो. त्याला डॉक्टर 'लोब्युलर' म्हणतात. हा शब्द ध्यानात ठेवा. तो कागदावर असू शकतो.

आपल्या पेशी एकमेकींना चिकटून राहतात. भिंतीत विटा चुन्याने धरलेल्या असतात, तशा. लोब्युलर जातीत हा चुनाच नसतो. म्हणून त्या पेशींची गाठ होत नाही. त्या मुंग्यांच्या रांगेसारख्या एकामागून एक सरकत जातात. म्हणूनच जिजीला गोल गाठ लागली नाही, नुसता घट्टपणा लागला. आणि पुढे पसरतानाही या पेशी भलतीकडे जातात. जठरात, आतड्यात, पोटाच्या आतल्या पडद्यावर, बीजकोशात, कधी गर्भाशयात.

जठरात त्या आतल्या अस्तराखाली पसरतात. वरून अस्तर पुष्कळदा ठीक दिसते. म्हणून वरवरचा तुकडा काढला तर त्यात काही सापडत नाही. जठराची भिंत मात्र चामड्यासारखी ताठ होते. ते फुगत नाही. म्हणून दोन घासांत पोट भरते.

आणखी एक फसगत असते. सूक्ष्मदर्शकाखाली या पेशी जठराच्या स्वतःच्या एका कॅन्सरसारख्या दिसतात. तपासणाऱ्याला जुना आजार ठाऊक नसेल, तर तो 'जठराचा कॅन्सर' असे लिहून देऊ शकतो. मग उपचारही जठराच्या कॅन्सरचे होतात. कधी पोट फाडून जठर काढण्यापर्यंत मजल जाते. खरा उपचार वेगळाच असतो.

सरकी केळीच्या बागेत पडली आणि उगवली, तर ती केळ होईल का? नाही. ती कपाशीच राहील. स्तनाचा कॅन्सर पोटात उगवला तरी तो स्तनाचाच कॅन्सर असतो. त्याला औषधही स्तनाच्या कॅन्सरचेच लागते. पुष्कळ बायकांत तो बाईच्या शरीरातल्या संप्रेरकावर वाढतो. संप्रेरक म्हणजे शरीर स्वतः तयार करते तो रस. तो रस अडवणाऱ्या गोळ्या आहेत. त्या गोळ्यांनी असा रोग रोखता येतो, मग तो कोठेही उगवलेला असो.

जिजीला पुन्हा औषधे सुरू झाली. तीन महिन्यांत ती अर्धी भाकरी खाऊ लागली. नातीचे लग्न तिने डोळ्यांनी पाहिले, मांडवात बसून पाहिले. पुढे पावणेतीन वर्षे ती आमच्यात राहिली. २०२४ साली गेली. रोग समूळ गेला नाही, हे खरेच. पण ते दिवस तिला मिळाले. आमच्या खोटेपणाने गेलेले महिनेही तिलाच मिळायचे होते. ते आम्ही तिला परत देऊ शकलो नाही.

आणि एक सांगतो. नातीची सोयरीक मोडली नाही. मुलाच्या वडिलांनी सारे ऐकले, आणि आधी जिजीच्या तब्येतीची चौकशी केली.

बी आणि जमीन

हा रोग कोठे रुजेल, हे कशावर ठरते? हा प्रश्न लंडनचे एक डॉक्टर स्टीफन पॅजेट यांना पडला होता. त्यांनी १८८९ साली स्तनाच्या कॅन्सरने मेलेल्या ७३५ बायकांच्या नोंदी तपासल्या. यकृतात रोग पसरलेल्या २४१ होत्या. प्लीहेत, म्हणजे आपण जिला पाणथरी म्हणतो तिच्यात, अवघ्या १७. रक्त तर दोन्हीकडे जाते. मग असा फरक का?

पॅजेट साहेबांनी जे उत्तर दिले, ते आपल्या खानदेशातल्या कोणत्याही शेतकऱ्याला पटेल. ते म्हणाले की बी चहूकडे जाते, पण रुजते ते मानवेल त्याच जमिनीत. काळ्या रानात कपाशी येते, मुरमाड माळावर ती खुरटते. कॅन्सरच्या बियाणाचेही तसेच. आज सव्वाशेहून अधिक वर्षे झाली. डॉक्टर अजूनही याच वाटेने शोध घेतात. कोणत्या जातीच्या बियाण्याला कोणती जमीन मानवते, ते पाहतात.

आणखी एक गोष्ट शेतकऱ्याला ठाऊक असते. काही बी लगेच उगवत नाही. गाजरगवताचे बी मातीत पडून राहते आणि पुढे कधीतरी पावसाबरोबर वर येते. कॅन्सरच्या पेशीही अशा झोपी जातात. पाच वर्षे, दहा वर्षे, कधी वीस वर्षेसुद्धा. संप्रेरकावर वाढणाऱ्या जातीत हे जास्त होते. म्हणून तर डॉक्टर पाच वर्षे, कोणाला दहा वर्षे गोळी देतात. ती गोळी बरे वाटण्यासाठी नसते. झोपलेल्या बियाण्याला पाणी मिळू नये, म्हणून ती असते.

भलत्या जागा आणि त्यांच्या खुणा

आता ज्या बाईला पूर्वी हा रोग झालेला आहे, तिने आणि तिच्या घरच्यांनी काय ध्यानात ठेवावे, ते सांगतो.

डोळा. डोळ्याच्या मागच्या पडद्याला रक्त भरपूर मिळते. तेथे हा रोग रुजू शकतो. एका डोळ्याने अंधुक दिसते, किंवा चमकल्यासारखे होते. आपल्याला वाटते, मोतीबिंदू असेल, चष्म्याचा नंबर वाढला असेल. बहुतेक वेळा तसेच असते. पण डोळ्याच्या डॉक्टरला जुना आजार सांगावा.

जबडा आणि हनुवटी. दाढ दुखत नाही, मार लागलेला नाही, आणि हनुवटी किंवा खालचा ओठ एका बाजूने बधिर होतो. ही खूण लहान दिसते, पण ती दुर्लक्षू नये. दाताच्या डॉक्टरलाही जुना आजार सांगावा.

कातडी. ऑपरेशनाच्या वणाजवळ, छातीवर किंवा डोक्याच्या कातडीवर कठीण पुळ्या येतात. त्या दुखत नाहीत, पिकत नाहीत आणि जातही नाहीत.

पोट आणि आतडे. थोडक्यात पोट भरणे, सतत मळमळ, पोट फुगणे, शौचाला अडखळणे, कारण नसताना वजन उतरणे.

बीजकोश आणि गर्भाशय. ओटीपोटात गोळा लागणे, पाळी गेल्यावर पुन्हा अंगावरून जाणे.

हाडांतला मगज. येथे रक्त तयार होते. तेथे रोग शिरला तर अंग पांढरे पडते, थकवा येतो, रक्तवाढीच्या गोळ्यांनी उतार पडत नाही.

हे ऐकून घाबरून जाऊ नका. पाठ दुखली की कॅन्सर, पोट फुगले की कॅन्सर, असे मुळीच नाही. आपल्या बायका वाकून निंदणी करतात, डोक्यावर हंडे वाहतात. त्यांची पाठ दुखणारच. वांग्याची भाजी आणि कळण्याची भाकरी जास्त झाली, तर पोट फुगणारच. नियम एवढाच. ज्या बाईला पूर्वी स्तनाचा कॅन्सर झाला होता, तिला एखादे नवे दुखणे आले, आणि ते दोन तीन आठवड्यांत गेले नाही, तर कागद घेऊन डॉक्टरकडे जावे.

पण काही बाबतींत एक दिवसही थांबू नये. पाठीत फार दुखते आणि पायातले बळ जाते. लघवी अडते. एकाएकी झटके येतात. दम लागून बोलता येत नाही. अशा वेळी त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पायातले बळ एकदा पूर्ण गेले, की ते परत आणणे फार कठीण असते.

आपल्या मुंबईत काय शोधून काढले

तुम्ही म्हणाल, पसरल्यावर सगळे संपले. तसे नाही. आणि पसरण्याआधी तर पुष्कळच करता येते.

मुंबईत परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल आहे. ते २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. आपण त्याला नुसते 'टाटा' म्हणतो. तेथील डॉक्टरांनी १९९८ सालापासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत एक मोठे काम केले. डॉ. इंद्रनील मित्रा हे त्या कामाचे प्रमुख होते. ३५ ते ६४ वर्षे वयाच्या दीड लाखांवर बायका त्यात होत्या. निम्म्या बायकांची छाती दर दोन वर्षांनी हाताने तपासली. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका होत्या. यंत्र नाही, फोटो नाही. फक्त शिकलेला हात.

वीस वर्षांनी हिशेब केला, आणि २०२१ साली तो जगापुढे मांडला. ज्या वस्त्यांत तपासणी झाली नव्हती, तेथे कॅन्सर निघालेल्या शंभर बायकांपैकी ४७ जणींचा रोग पुढच्या पायरीला गेलेला होता. तपासणी झालेल्या वस्त्यांत हा आकडा ३७ वर आला. पन्नाशीच्या पुढच्या बायकांत या रोगाचे मृत्यू जवळजवळ तीस टक्के कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या बायकांत मात्र मृत्यू कमी झाल्याचे दिसले नाही. तेही त्यांनी लपवले नाही. हेच खरे शास्त्र.

दुसरा शोध पाहा. ऑपरेशनाच्या वेळी गाठीला धक्का लागतो. तेव्हा पेशी सुटून पळू नयेत, म्हणून काय करावे? टाटाचे डॉ. राजेंद्र बडवे आणि देशातल्या अकरा केंद्रांतले डॉक्टर यांनी एक साधा उपाय करून पाहिला. दाताच्या डॉक्टरकडे जागा बधिर करायचे जे इंजेक्शन देतात, तसलेच औषध ऑपरेशनाच्या सात ते दहा मिनिटे आधी गाठीभोवती टोचले. सुमारे सोळाशे बायकांत हे पाहिले. पाच वर्षांनी, इंजेक्शन न दिलेल्या शंभरांपैकी सुमारे ८६ जणी जिवंत होत्या. दिलेल्या शंभरांपैकी सुमारे ९०. औषध स्वस्त, आणि शंभरात जवळजवळ चार जीव वाचले. हे काम २०२३ साली छापून आले.

तिसरी गोष्ट. रोग आधीच दूर पसरलेला असेल, तर छातीचे ऑपरेशन केल्याने आयुष्य वाढते का? टाटानेच ३५० बायकांत हे तपासले आणि २०१५ साली सांगितले की वाढत नाही. म्हणून अशा वेळी डॉक्टर म्हणाले, 'ऑपरेशन नको, औषधे घेऊ,' तर त्यांनी हात टेकले असे समजू नये. जमीन विकून ऑपरेशनाचा हट्ट धरू नये.

खेड्यांसाठीही काम झालेले आहे. सोलापूर जिल्ह्यात बार्शी येथे १९८७ साली खेड्यांतल्या कॅन्सरची नोंदवही सुरू झाली. खेड्यांसाठी अशी नोंदवही आपल्या देशात तीच पहिली. तिचे कार्यकर्ते गावोगाव जाऊन लोकांशी बोलतात, खुणा समजावतात, संशय असेल त्याला तपासणीस आणतात. नुसते घरोघर बोलण्यानेही लोक लवकर येऊ लागतात, हे बार्शीने दाखवले. मग आपण आपल्या तालुक्यात आपापसांत का बोलू नये?

काही खुळचट समजुती

'सुई टोचली की कॅन्सर पसरतो.' हे खोटे आहे. तुकडा तपासल्यावाचून रोगाची जात कळत नाही, आणि जात कळल्यावाचून औषध ठरत नाही.

'गाठ दुखत नाही, म्हणजे भीती नाही.' हे उलटे आहे. या रोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही.

'हा रोग शिवल्याने होतो.' नाही. अशा बाईचे ताट वेगळे काढू नका. नातवंडांना तिच्या मांडीवर बसू द्या.

'हे पापाचे फळ आहे.' आमची जिजी कोणाच्या काडीला शिवली नाही. पापपुण्याचा येथे संबंध नाही.

'हा फक्त बायकांचा रोग.' शंभरात एखादा पुरुषही असतो. तेव्हा पुरुषांनीही छातीतली गाठ लपवू नये.

कोठे जावे?

आधी आपल्या ग्रामीण रुग्णालयात जावे. पुढे जळगावला आणि धुळ्याला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. मुंबईला जायचे तर आपले चाळीसगाव जंक्शन मुख्य लाइनीवरच आहे. कॅन्सरच्या उपचाराला जाणाऱ्या रोग्याला आणि सोबत्याला रेल्वेच्या तिकिटात सवलत मिळते. त्याचा दाखला डॉक्टरांकडून घ्यावा. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. तेथे टाटात येणारे रोगी आणि त्यांचे नातेवाईक उतरतात. त्या संताने लोकांसाठी धर्मशाळा बांधल्या, आणि ते १९५६ साली गेले. त्यांच्या नावाने आजही परगावच्या गरिबाला मुंबईत पाठ टेकायला जागा मिळते.

पैशाची चिंता असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करावी. कॅन्सरचे अनेक उपचार तीत बसतात. रेशनकार्ड आणि आधारकार्ड जवळ ठेवावे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. त्याला विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही.

पाटण्याचा शिलालेख

जाता जाता एक शेवटचे सांगतो. आपल्या पाटणादेवीजवळ पाटण गावात एक शिलालेख सापडला. थोर गणिती भास्कराचार्य यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. त्याची हकीकत त्या दगडावर कोरलेली आहे. साल इ. स. १२०७. आठशे वर्षे झाली, तरी ती अक्षरे वाचता येतात. आणि आम्ही? नऊ वर्षांपूर्वीचा एक कागद ट्रंकेच्या तळाशी दडपून ठेवला.

तुम्ही नुकत्याच अक्षरे शिकलात. कोणी विचारतात, 'या वयात शिकून काय उपयोग?' त्यांना जिजीच्या सुनेची गोष्ट सांगा. तिला इंग्रजी येत नव्हते. आतले कागद तिला वाचता आले नाहीत. फक्त फाइलीवरचे शब्द वाचता आले. तेवढ्यावर तिने सासूला पावणेतीन वर्षे मिळवून दिली. आम्ही मॅट्रिक झालेलो, शाळेचे हेडमास्तर. आमच्या विद्येने जे केले नाही, ते तिच्या विद्येने केले.

म्हणून आज घरी गेल्यावर एक काम करा. घरात कोणाला मोठा आजार झाला असेल, तर त्याचे सारे कागद एका पिशवीत घाला. पिशवीवर मोठ्या अक्षरांत लिहा. नाव, आजार, साल. गोळी चालू असेल तर गोळीचे नाव. लोब्युलर असेल तर तेही लिहा. पिशवी ट्रंकेच्या तळाशी नको. दाराजवळच्या खुंटीला टांगा. डॉक्टर डोळ्याचा असो, दाताचा असो की पोटाचा, त्याच्याकडे जाताना ती खुंटीवरून घ्या.

आणि डॉक्टरांनी विचारले, "पूर्वी काही आजार?", तर आम्ही दिले तसे उत्तर देऊ नका. खरे सांगा. मोठ्याने सांगा. शेजारचा ऐकेल तर ऐकू द्या. कोण जाणे, त्याच्याही घरी एखादी जिजी गप्प बसलेली असेल.